पानांत उरलेला भात : मंदावलेल्या जठराविषयीं चार शब्द

आपल्या एकत्र कुटुंबांत कोणी पानांत टाकलें, कीं त्याची चर्चा झाल्यावांचून राहत नाहीं. लहान मुलानें टाकलें तर तो हट्ट ठरतो, सुनेनें टाकलें तर रुसवा ठरतो, आणि वडील माणसानें टाकलें तर रांधणारीला तो आपला अपमान वाटतो. पानांत उरलेल्या भाताला कांहीं शारीरिक कारण असूं शकेल, हा विचार सर्वांच्या शेवटीं, आणि पुष्कळदां फार उशिरां सुचतो. आमच्या घरीं तो दीड वर्ष उशिरां सुचला. त्या दीड वर्षांत एका वृद्ध बाईवर आमच्याकडून जो अन्याय झाला, त्याची कबुली द्यावी आणि इतर घरांनीं त्यावरून सावध व्हावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहें.

आमचें बिऱ्हाड गिरगांवांतील एका जुन्या चाळींत आहे. माझ्या वडिलांची थोरली बहीण, म्हणजे आमच्या आत्याबाई, शाळेंतील नोकरींतून निवृत्त झाल्यापासून आमच्यापाशींच राहतात. वय ६८, मधुमेह २० वर्षांचा, गेलीं ८ वर्षें दोन वेळां इन्शुलिन टोंचून घेतात. मूळच्या खाण्याच्या शौकीन. त्याच आत्याबाई हळूहळू दोन पोळ्यांवरून अर्ध्या पोळीवर आल्या. चार घांस खाल्ले न खाल्ले तोंच हात आखडता घेऊं लागल्या. वहिनींना वाईट वाटे. "तुझ्या हाताला दोष नाहीं ग, माझेंच पोट भरतें," असें आत्याबाई म्हणत, त्यावर वहिनी म्हणत, "पोट भरायला तुम्हीं खाल्लें तरी काय, आत्या?" आणि दोघीही गप्प बसत.

एवढ्यावर भागलें असतें तर बरें होतें. परंतु आत्याबाईंच्या रक्तांतील साखरेचा कांहीं मेळच बसेना. जेवणानंतर तासाभरानें बोटाला सुई टोंचून पाहावें तों साखर अगदीं खालीं. आणि झोंपण्याच्या वेळीं, किंवा भल्या पहाटे पाहावें तों तीनशेंच्या घरांत! पानावर तर त्यांनीं चार घांसच घेतलेले आम्हीं पाहिलेले. मग ही साखर आली कोठून? घरांत कुजबुज सुरू झाली कीं आत्याबाई रात्रीं चोरून गोड खातात. लाडवांच्या डब्याला कुलूप लावण्याची बुद्धि मला झाली, आणि किल्लीही मींच जवळ ठेविली. आत्याबाईंनीं तें कुलूप पाहिलें. त्या एक शब्दही बोलल्या नाहींत.

मध्यंतरीं जवळच्या एका डॉक्टरांनीं 'गॅस आहे' म्हणून गोळ्या दिल्या होत्या. पुढें एके दिवशीं दुपारीं वाटाण्याची उसळ झाली होती. रात्रीं अकरा वाजतां आत्याबाईंना मोठी उलटी झाली आणि तींत दुपारचे वाटाणे जसेच्या तसे पडले. दुसऱ्या दिवशीं दादरच्या एका पोटाच्या डॉक्टरांकडे त्यांना नेलें. त्यांनीं विचारलेला पहिलाच प्रश्न असा होता : "उलटींत काय पडलें, आणि तें केव्हां खाल्लेलें होतें?" आम्हीं सांगितलें. डॉक्टर म्हणाले, "यांचें जठर वेळेवर रिकामें होत नसावें. साखरेचा गोंधळही त्याच्यामुळेंच असण्याचा फार संभव आहे." माझा हात नकळत खिशांतल्या किल्लीकडे गेला.

जठर काय करतें?

जठर ही नुसती अन्नाची पिशवी नव्हे. त्याचा वरचा भाग जेवतांना सैल पडून अन्नाला जागा करून देतो. खालचा भाग तें अन्न घुसळून बारीक करतो. या घुसळणीच्या लाटा मिनिटाला सुमारें ३ या वेगानें उठतात. त्यांचा ताल जठराच्या स्नायूंमध्यें विखुरलेल्या विशिष्ट पेशी धरतात, आणि मेंदूपासून निघून छातींतून खालीं उतरणारा व्हेगस नांवाचा मज्जातंतु त्यांवर नियंत्रण ठेवतो. जठराच्या खालच्या टोकाशीं एक झडपेसारखें द्वार आहे. घन अन्नाचे कण एक-दोन मिलिमीटर इतके बारीक होईपर्यंत तें त्यांस सहसा पुढें जाऊं देत नाहीं. पाणी, ताक, पेज हे पदार्थ लवकर उतरतात. घट्ट अन्नाला अधिक वेळ लागतो. तूपतेलानें माखलेलें अन्न सर्वांत हळू सरकतें. निरोगी माणसाच्या साध्या जेवणाचा बहुतेक भाग चार तासांत जठरांतून निघून गेलेला असतो.

हें ज्ञान मनुष्याला मोठ्या विलक्षण रीतीनें झालें. १८२२ सालीं अमेरिकेंतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन नांवाच्या तरुणाच्या पोटांत बंदुकीचा बार शिरला. तो वांचला, परंतु जठराला पडलेलें भोंक कायमचें उघडें राहिलें. त्याच्यावर उपचार करणारे लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनीं त्या भोंकांतून वेगवेगळे पदार्थ दोऱ्याला बांधून आंत सोडले, त्यांचें काय होतें तें वर्षानुवर्षें पाहिलें, आणि १८३३ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. रागाचा पचनावर वाईट परिणाम होतो, हेंही त्यांस दिसून आलें होतें. पुढें १८९८ सालीं वॉल्टर कॅनन यांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें मांजराच्या जठरांतील लाटांचें वर्णन प्रसिद्ध केलें. मांजर चिडलें कीं त्या लाटा थांबत.

आपल्या वैद्यकाला हा विषय अपरिचित होता असें नाहीं. माधवनिदानांत अजीर्णाचे आमाजीर्ण, विदग्धाजीर्ण, विष्टब्धाजीर्ण असे प्रकार सांगितले आहेत, आणि खाल्लेलें अन्न पुढें न सरकतां पोट ताठणें हें आपल्या आजीबाईंनाही ठाऊक असे. परंतु 'अग्नि मंद झाला' एवढें म्हणून थांबणें पुरेसें नाहीं. तो कां मंद झाला, हें पाहावें लागतें. मधुमेही लोकांच्या जठरांत अन्न तुंबून राहतें, या स्थितीला कॅसँडर या डॉक्टरांनीं १९५८ सालीं गॅस्ट्रोपॅरेसिस हें नांव दिलें. पॅरेसिस म्हणजे अर्धवट लुळेपणा. द्वारांत प्रत्यक्ष कांहीं अडथळा नसतां जठर रिकामें होण्यास विलंब लागणें, हा त्या शब्दाचा आजचा अर्थ होय.

तें मंद कां होतें?

पहिलें मोठें कारण मधुमेह. पुष्कळ वर्षें साखर चढती राहिली म्हणजे पायांच्या तळव्यांप्रमाणेंच जठराकडे जाणारे मज्जातंतुही बधिर होतात, आणि ताल धरणाऱ्या पेशींचीही हानि होते. शिवाय साखर त्या वेळेपुरती फार चढली तरी जठराची गति तेवढ्यापुरती मंदावते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेली जी पाहणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली, तींत देशांत सुमारें १० कोटी १० लक्ष मधुमेही असल्याचा अंदाज आहे. त्यांतील प्रत्येकाला हा विकार होतो असें मुळींच नाहीं. परंतु जुना मधुमेह असलेलें माणूस ज्या घरांत आहे, त्या घरानें ही गोष्ट मनांत बाळगलेली बरी.

दुसरें कारण शस्त्रक्रिया. जठर किंवा अन्ननलिका यांवरील शस्त्रक्रियेंत व्हेगस मज्जातंतूला इजा झाल्यास जठर सुस्त होतें. तिसरें कारण औषधें. अफूच्या जातीचीं वेदनाशामकें, नैराश्यावरील कांहीं जुनीं औषधें, आणि हल्लीं वजन उतरविण्यासाठीं सुशिक्षित घरांत बोललीं जाणारीं सेमाग्लुटाइडसारखीं इंजेक्शनें जठराची गति मंद करितात. हीं इंजेक्शनें मूळचीं मधुमेहावरील असून योग्य माणसाला उपयुक्तही आहेत. तीं आपल्या मनानें सुरू करूं नयेत आणि आपल्या मनानें बंदही करूं नयेत. मात्र कोणतीही शस्त्रक्रिया ठरल्यास भूल देणाऱ्या डॉक्टरांस त्यांविषयीं आठवणीनें सांगावें. कारण उपाशी असूनही जठरांत अन्न उरलेलें असल्यास गुंगींत तें श्वासनलिकेंत शिरण्याचा धोका असतो.

याखेरीज कंपवात, थायरॉइड ग्रंथीची मंदता आणि त्वचा व स्नायू कठीण करणारे कांहीं विकार यांतही असें होतें. कधीं कधीं साध्या विषाणूच्या तापानंतर तरुण माणसाला ही व्याधि जडते. ती बहुधा कांहीं महिन्यांत ओसरते. आणि पुष्कळ रोग्यांमध्यें कसून शोधूनही कारण सांपडत नाहीं. हा विकार पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक आढळतो, ही गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कारण आपल्या घरांत सर्वांच्या मागून जेवणाऱ्या बाईनें किती खाल्लें, याकडे पाहणारें कोणी नसतें.

ओळखावें कसें?

चार घांसांतच पोट गच्च भरल्यासारखें वाटणें, जेवणानंतर तासन्‌तास जडपणा, मळमळ, पोटाच्या वरच्या भागीं फुगारा किंवा दुखणें, आणि कित्येक तासांपूर्वीं खाल्लेलें अन्न न पचलेल्या स्थितींत उलटून पडणें, हीं याचीं मुख्य लक्षणें होत. वजन घटतें, उत्साह जातो. कांहीं जणांना तर पोटाचा कांहींच त्रास जाणवत नाहीं. फक्त साखरेचा हिशेब चुकत राहतो.

हा हिशेब कसा चुकतो, तें प्रत्येक घरानें समजून घेतलें पाहिजे. अन्नांतील साखर रक्तांत जाते ती आंतड्यांतून, जठरांतून नव्हे. जेवणापूर्वीं घेतलेलें इन्शुलिन आपल्या वेळेवर काम सुरू करतें. परंतु अन्न अद्याप जठरांतच अडकलेलें. मग रक्तांतील साखर एकदम खालीं जाते : घाम सुटतो, हात कांपतात, माणूस असंबद्ध बोलूं लागतें, प्रसंगीं बेशुद्धही होतें. पुढें कांहीं तासांनीं, इन्शुलिनचा जोर ओसरल्यावर, तेंच अन्न खालीं उतरतें आणि साखर वर चढते. आत्याबाईंच्या रात्रींच्या साखरेचें कोडें तें हेंच होतें. त्यांनीं लाडू चोरला नव्हता. दुपारचा भातच उशिरां पोंचत होता.

साखर अशी उतरली असतां तोंडांत पेढा किंवा लाडू घालण्याची आपली रीत आहे. मंद जठराच्या रोग्याला ती उपयोगी नाहीं. तुपाचा घट्ट पदार्थ जठरांतच बसून राहतो. शुद्धींत असलेल्या माणसास ग्लुकोज किंवा साखर पाण्यांत विरघळवून द्यावी, कारण पातळ पदार्थ त्यांतल्या त्यांत लवकर उतरतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहींही न घालतां तत्काळ रुग्णालय गांठावें.

मात्र प्रत्येक जडपणा म्हणजे हाच विकार असें समजूं नये. जठराच्या द्वाराशीं जुना व्रण असला, किंवा गांठ असली, तरीही नेमकीं हींच लक्षणें होतात. उलटींत रक्त, काळा मल, गिळतांना अडकणें, झपाट्यानें वजन उतरणें, पाणीही न ठरणें, पोटांत असह्य वेदना, यांपैकीं एकही गोष्ट दिसल्यास घरगुती उपायांत एक दिवसही दवडूं नये.

परीक्षा

याच कारणास्तव प्रथम दुर्बिणीनें, म्हणजे एन्डोस्कोपीनें, जठर पाहतात. आत्याबाईंच्या जठरांत व्रण नव्हता, गांठ नव्हती. परंतु रात्रभर उपाशी असूनही अन्नाचा सांठा मात्र होता. त्यानंतरची परीक्षा अणुवैद्यकाची. अन्नांत टेक्निशियम या किरणोत्सारी द्रव्याचा अत्यल्प अंश मिसळून तें रोग्यास खावयास देतात आणि जेवणानंतर लगेच, मग १, २ आणि ४ तासांनीं विशेष कॅमेऱ्यानें जठरांत किती उरलें तें मोजतात. चार तासांनंतर दहांतील एका भागाहून अधिक अन्न उरलें तर जठर मंद समजावयाचें. पाश्चात्य पद्धतींत या परीक्षेसाठीं अंड्याचा पांढरा बलक व पाव देतात. आपल्याकडे शाकाहारी लोकांसाठीं इडलीचाही उपयोग करितात. परीक्षेपूर्वीं साखर आटोक्यांत असावी लागते, आणि जठराच्या गतीवर परिणाम करणारीं औषधें डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें थांबवावीं लागतात.

ही परीक्षा परळच्या बाजूस झाली. ज्या परळांत १९२६ सालीं किंग एडवर्ड स्मारक रुग्णालय सुरू झालें, त्याच परळांत १९६३ सालीं रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन होऊन या देशांत अणुवैद्यकाचा पाया घातला गेला, हें आपल्यांतील थोड्यांनाच ठाऊक असेल. आत्याबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "चार तास फोटो काढून घेण्याइतकी महत्त्वाची इडली मीं जन्मांत खाल्ली नव्हती." दीड वर्षानंतर त्या प्रथमच हंसल्या.

स्वयंपाकघरांतील उपाय

या विकारांत औषधाइतकेंच काम स्वयंपाकघर करतें. दोन भरगच्च जेवणांऐवजीं दिवसांतून पांच-सहा वेळां वाटीभर खाणें, हा पहिला नियम. दुसरा नियम, अन्न मऊ, बारीक आणि कमी तुपातेलाचें असावें. गुरगुट्या भात, मुगाच्या डाळीचें घोटलेलें वरण, लोणी काढलेलें ताक, गाळलेलें सार, शिजवून कुस्करलेला दुध्या भोंपळा, हे पदार्थ बहुधा मानवतात. घट्ट अन्न ज्या दिवशीं मुळींच जाणार नाहीं, त्या दिवशीं पेज किंवा पातळ आंबील घ्यावी. सावकाश चावून जेवावें.

येथें एक मोठी अडचण आहे. मधुमेह्याला आपण नेहमीं सांगतों कीं कच्च्या कोशिंबिरी खाव्या, सालासकट फळें खावीं, उसळी खाव्या, रात्रीं इसबगोल घ्यावा. मंद जठराला हेंच नेमकें जड जातें. चोथा दळला जात नाहीं, आणि कधीं कधीं त्याचा गोळाच जठरांत बनून बसतो. वहिनी आत्याबाईंच्या काळजीनेंच रोज काकडी-गाजराची कोशिंबीर वाढीत होत्या! म्हणून दोन्ही विकारांचा मेळ घालणारा आहार डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्याकडून ठरवून घ्यावा. मऊ भातानें साखर लवकर चढते, तोही हिशेब त्यांत आला पाहिजे.

एकादशीचा विचारही केला पाहिजे. दिवसभर पोट रिकामें ठेवून मग दाण्याच्या कुटाची, तुपांत परतलेली साबुदाण्याची खिचडी खाणें, हें अशा जठराला दुहेरी कष्टाचें आहे. इन्शुलिन घेणाऱ्यास तर उपास धोक्याचाही. लालबागच्या चिवडा गल्लींतून आणलेला ताजा चिवडा आम्हां सर्वांना प्रिय; परंतु तळलेला पदार्थ म्हणून तो आत्याबाईंच्या वाटीपासून दूर राहिला.

आपल्या वाडवडिलांच्या दोन रीतींपैकीं एक येथें उपकारक आहे आणि दुसरी अपायकारक. जेवणानंतरची शतपावली अवश्य घालावी; तिनें जठराला मदत होते. वामकुक्षी मात्र जेवल्याबरोबर करूं नये. निदान तास-दोन तास ताठ बसावें.

औषधांविषयीं सावधगिरी

जठराची गति वाढविणारीं औषधें आहेत, परंतु त्यांपैकीं एकही निरुपद्रवी नाहीं. मेटोक्लोप्रमाइड दीर्घ काळ घेतल्यास तोंडाच्या व हातापायांच्या अनैच्छिक हालचाली जडूं शकतात. डोम्पेरिडोननें हृदयाच्या तालांत बिघाड होण्याचा संभव असतो. आणि आम्लपित्ताच्या गोळ्यांत जोडून मिळणाऱ्या लेव्होसल्पिराइडनें वृद्ध माणसांस कंपवातासारखी स्थिति येऊं शकते. जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षें त्याच गोळ्या दुकानांतून आणणें म्हणूनच घातक आहे. सर्व उपाय थकले तर जठराचें द्वार दुर्बिणींतून सैल करण्याची शस्त्रक्रियाही २०१३ पासून होऊं लागली आहे. परंतु तिची गरज थोड्यांनाच पडते.

आत्याबाईंना ती पडली नाहीं. डॉक्टरांनीं इन्शुलिनची वेळ व मात्रा बदलून दिली. तो बदल कोणीही आपल्या विचारानें करावयाचा नाहीं, हें पुन्हां सांगतों. व्याधि समूळ गेली नाहीं, आणि जाईल असें आश्वासनही कोणीं दिलेलें नाहीं. परंतु साखर आतां बरीचशी ताब्यांत असते, रात्रींची उलटी थांबली आहे, आणि वजन थोडें भरलें आहे. दिवसांतून सहा वेळां चांदीची एक लहान वाटी त्यांच्यापुढें येते. वहिनी ती वाढतात आणि समोर बसून राहतात. "आणखी घ्या" असें म्हणत नाहींत.

परीक्षेचा निकाल आला त्या संध्याकाळीं मीं डब्याचें कुलूप काढून आत्याबाईंच्या पुढें ठेविलें आणि क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "अरे, मलासुद्धां वाटूं लागलें होतें, कीं झोंपेंत उठून खात तर नसेन ना मी?" हें ऐकून मला जें वाटलें तें लिहून दाखवितां येत नाहीं. वाचकांस विनंति एवढीच, कीं घरांतील कोणी वडील माणूस पानांत अन्न टाकूं लागलें, तर त्यावर रागावण्यापूर्वीं, किंवा त्याच्यावर संशय घेण्यापूर्वीं, त्याच्याजवळ बसून विचारावें : किती घांसांत पोट भरतें? केव्हांपासून? मळमळतें काय? आणि तीं उत्तरें कागदावर टिपून डॉक्टरांकडे न्यावीं. आमच्या घरीं हे तीन प्रश्न दीड वर्षांत कोणीं विचारले नाहींत.